उत्तरेस लिंबाचे झाड

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते जुनं घर विकण्याबद्दल. चार-पाच पिढ्या ज्या घरात जन्मल्या आणि ज्या घरातून गेल्या, असं घर. लोणंदच्या बाजारापासून दीड कोसावर आमचा असा एक वाडा होता. अकरा खणांचा, एका चौकाचा. काळ्या घडीव दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, डोक्यावर सागाचा कडीपाट. बाजाराच्या दिवशी ओसरीवर बसलं की कांद्याच्या गाड्या जाताना दिसायच्या, आणि माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला आली की वाट वाकडी करून आलेले वारकरी त्याच ओसरीवर पाठ टेकायचे. तो वाडा आम्ही विकला.

का विकला, ते थोडक्यात सांगते. तीन भावांची तीन बिऱ्हाडं, कुणी पुण्यात, कुणी ठाण्यात. वाड्यात राहणारं कुणी उरलं नाही. कौलं सरकली, पाणी आत आलं, एका पावसाळ्यात मागचे दोन खण बसले. माती ओलावा सोसते, पण पाणी नाही सोसत. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. आमच्या थोरल्या चुलत्यांनी वाडा पक्का करायचा म्हणून चौकातल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून माती भुसभुशीत होत जाते. आमचे जे दोन खण बसले, ते तिथलेच.

विकायचं ठरल्यावर सगळ्यांत आधी दारात आले ते जुन्या लाकडाचे व्यापारी. घर घ्यायला कुणी येण्याआधी हे येतात. खांबावर बोटाची पेरं वाजवतात, तुळया मोजतात आणि म्हणतात, जागेचं तुमचं तुम्ही बघा, आम्हाला खांब, तुळया आणि दिंडीदरवाजा द्या. रक्कम रोख असते, मन डळमळतं. पण दरवाजा गेलेलं घर मग कुणी घर म्हणून बघत नाही, मोकळी जागा म्हणून बघतं. आम्ही नाही म्हटलं. पुढं सहा महिन्यांनी बाजारात जनावरांचा दवाखाना चालवणारं एक डॉक्टर जोडपं आलं. त्यांना वाडा राहायलाच हवा होता. दोघं अर्धा तास माजघराच्या गारव्यात नुसती बसून राहिली. तेव्हाच माझ्या मनानं घेतलं, की घर यांनाच द्यायचं.

आता मुद्द्याचं बोलते, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. गिऱ्हाईक शोधायच्या आधी सह्या मोजा. कुणाकुणाची सही लागणार, ते आधी बघा. आमच्या डॉक्टरांच्या वकिलांनी कागद मागितले. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, मिळकत पत्रिका, जुनी खरेदीखतं आणि फेरफार, म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडं गेली त्याची नोंद. त्यांनी फेरफार वाचला आणि पहिलाच प्रश्न केला, "तुमच्या आजोबांना मुलगी नव्हती का?"

मुलगी होती. माझी आत्या. आजोबा १९७८ साली गेले, मृत्युपत्र न करता. तेव्हा वारस नोंदीला तीन मुलांची नावं लागली. मुलीचं नाव कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिचं लग्न १९६१ सालीच झालेलं, ती तिच्या घरी सुखी आहे, एवढंच सगळ्यांनी धरलं. वास्तविक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंही वडिलांच्या वाट्यात मुलीला मुलासारखाच हिस्सा होता. ९ सप्टेंबर २००५ पासून तर मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच सहहिस्सेदार झाली, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे तिच्या सहीशिवाय वाड्याचं खरेदीखत निर्धोक होणार नव्हतं.

माझे थोरले चुलतभाऊ म्हणाले, "आक्काकडून हक्कसोडपत्र घेऊन टाकू, ती नाही म्हणायची नाही." माझे वडील, आमचे आप्पा, त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवून बोललेले मी ऐकले. "ती नाही म्हणणार नाही, म्हणूनच तिला तसं विचारायचं नाही." श्रोतेहो, बहिणीनं मनापासून हक्क सोडला तर तो तिचा प्रश्न. पण दहाव्याला, तेराव्याला, भाऊबीजेच्या ताटावर तिच्यापुढं कागद सरकवायचा, हे मला अजिबात पटत नाही. आधी तिला घरी बोलवावं, घर दाखवावं, भाव सांगावा. मग विचारावं.

आत्या आली. वय त्र्याऐंशी. हातात काठी, नऊवारी, डोक्यावरचा पदर तसाच. नेमकी त्याच दिवशी मोजणी होती. तीही सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं.

आमच्या वाड्याची उत्तरेकडची हद्द वादात होती. परसाच्या पलीकडं शेजाऱ्यांचं परडं. ते म्हणायचे, तुमची हद्द अलीकडं आहे. आम्ही म्हणायचो, पलीकडं आहे. गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली, तेव्हा लोकांनी आपापल्या हद्दी चुन्यानं आखून द्यायच्या होत्या. सगळ्या गावानं चुना टाकला, पण आमच्या उत्तर बाजूला रेघ पडलीच नाही. दोन्ही घरं हटून बसलेली. तो भाग आमच्या आजोबांनी १९३१ साली विकत घेतला होता. खरेदीखत मोडी लिपीत होतं. पुण्याच्या एका मोडी वाचणाऱ्या बाईंकडून आम्ही ते लिहून आणलं. चतुःसीमा अशी होती: पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस आमचंच जुनं घर, पश्चिमेस ओढा, आणि उत्तरेस लिंबाचे झाड.

लिंबाचे झाड! कडुलिंबाचं ते झाड कुठं होतं? बहात्तरच्या दुष्काळात ते तोडलं, एवढं आप्पांना आठवत होतं. पण नेमकी जागा? आप्पांचं बोट एकीकडं, चुलतभावांचं दुसरीकडं, आणि शेजारच्या म्हाताऱ्या अण्णांचं तिसरीकडंच. मोजणीला आलेला भूकरमापक तरुण मुलगा होता. यंत्र तिपाईवर लावून उभा होता बिचारा. तो म्हणाला, "मी वहिवाट मोजू शकतो, हद्दीच्या खुणा मोजू शकतो. नसलेलं झाड कसं मोजू?"

तेवढ्यात आत्या परसदारात आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिनं विचारलं, "काय शोधताय?" आप्पा म्हणाले, "आक्का, लिंबाचं झाड."

ती काही बोलली नाही. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर गेली, वळली, आणि तिथून चालायला लागली. काठी टेकत, सावकाश. मोजत नव्हती ती. मी तिच्या शेजारनं चालत होते. ती पुटपुटत होती, "इथं हौद. इथं तुळस. इथं आई शेणी थापायची." आणि एका जागी थांबली. काठी रोवली. म्हणाली, "हे झाड. याला माझा झोका होता. झोका पुढं गेला की पाय अण्णांच्या बाभळीला लागायचे आणि मागं आला की मला आईचा चुलीजवळचा पदर दिसायचा."

श्रोतेहो, ती थांबली होती ती जागा आम्ही सांगत होतो त्याच्या सहा फूट अलीकडं होती. अलीकडं म्हणजे आमच्या तोट्याची. शेजारी इतकी वर्षं जवळजवळ खरं बोलत होते.

चुलतभाऊ पुढं झाले. "आक्का, नीट आठव. साठ वर्षं झाली." आत्या म्हणाली, "साठ वर्षं मी दुसरं काय आठवलं रे? आणि झाडाला दगडी पार होता. झाड तोडतात, पार कोण उपटतंय? खणा इथं."

पहार आणली, फावडं आणलं. गावातली पोरं जमली, कुणी म्हणालं हंडा निघणार. हंडा निघाला असता तरी परस्पर ठेवून घेता आला नसता बरं का. जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही दडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासून आहे. हातभर खणलं आणि पहार खणकन वाजली. घडीव दगड. त्याला लागून दुसरा. तिसरा थोडा वळलेला. गोल पार, जसाच्या तसा मातीखाली बसलेला. तो भूकरमापक मुलगा खाली वाकला, दगडावरची माती हातानं पुसली आणि म्हणाला, "आजी, मला आता यंत्र लावता येईल."

आणि शेजारचे अण्णा! नव्वदीला आलेला माणूस, आमच्याशी वीस वर्षं बोलत नव्हता. कुंपणापलीकडून म्हणाला, "आक्के, तुझ्या झोक्यानं माझी बाभळ निम्मी मोडली होती." आत्या हसली. अण्णांनी त्याच दुपारी मोजणीच्या कागदावर सही केली. आमची सहा फूट जागा गेली. सहा फुटांचे पैसे गेले. पण हद्दीचा वाद मिटला, आणि वाद मिटलेल्या घराला गिऱ्हाईक पक्कं होतं, हे आम्ही अनुभवलं. आठवड्यात साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं.

म्हणून म्हणते, आधी माणसं बोलवा. कागदात नाव नसलेलं माणूसच कागदातली खूण दाखवू शकतं. आमच्या घरात तिला वगळलं होतं, आणि झाड तिलाच ठाऊक होतं.

कागदांवरून आठवलं. घर रिकामं करताना जुनी दप्तरं रद्दीत घालू नका. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून अशीच घराघरांतली दप्तरं गोळा करत हिंडले आणि १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. तुमच्या माळ्यावरच्या रुमालात काय बांधलंय, ते तुम्हाला वाचता येत नाही म्हणून ते फालतू ठरत नाही. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत. त्यांना आधी दाखवा.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा पैशाचं भराभर सांगते. नीट ऐका. घर १ एप्रिल २००१ पूर्वी कुटुंबाकडं आलेलं असेल, तर भांडवली नफा काढताना त्या तारखेची वाजवी किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून ती काढून घ्या. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या किंवा मिळालेल्या मिळकतीसाठी, भारतात राहणाऱ्या व्यक्तींना महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा हिशेबही करून बघता येतो, आणि जो कमी पडेल तो भरता येतो. आलेल्या नफ्यातून दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेतलं किंवा तीन वर्षांच्या आत बांधलं, तर सवलत मिळते. हिशेब ज्याच्या त्याच्या हिश्शाचा वेगळा. बहिणीच्या हिश्शाचे पैसे भावाच्या खात्यात घेऊ नका, तिच्याच खात्यात जाऊ द्या. आणि खांब, दरवाजे, देवघराचा देव्हारा घराबरोबर जाणार की नाही, हे साठेखतातच लिहून घ्या. देव्हारा आम्ही आणला. बाकी सगळं तिथंच राहिलं.

आता नोंदणीचा दिवस सांगते आणि थांबते. आत्यानं हक्क सोडला नाही. ती लिहून देणाऱ्यांमध्ये सामील झाली, चौथ्या हिश्शाची मालकीण म्हणून. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिचा फोटो काढला, अंगठा घेतला. खरेदीखतात तिच्या नावाखाली वकिलांनी एक ओळ घातली होती, लग्नापूर्वीचे नाव. तिथल्या मुलीनं ती ओळ मोठ्यानं वाचली. तिचं माहेरचं नाव, मग वडिलांचं, मग आमचं आडनाव. आत्यानं हात वर केला आणि म्हणाली, "बाळ, पुन्हा एकदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मग आत्यानं पेन घेतलं, आणि त्याच नावानं, अक्षर अक्षर लावत, सही केली.

नमस्कार.