भूदासमुक्तीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

१९ फेब्रुवारी १८६१ रोजी, रशियाच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे, झार दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासमुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. जमीनदारांच्या मालकीची सुमारे २ कोटी ३० लाख माणसं मोकळी झाली. काम मोठंच होतं. भूदासपद्धती खालून मोडली जाण्यापेक्षा वरूनच मोडलेली बरी, असं १८५६ मध्ये त्याने मॉस्कोच्या सरदारांना बजावलं होतं. मसुदे सरदारांच्या समित्यांनी आणि अधिकाऱ्यांनी केले. शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही. त्याचा परिणाम हिशेबात दिसतो.

माणूस मोकळा झाला, पण कसत्या जमिनीची किंमत त्याने जमीनदाराला मोजायची होती, आणि ती जुन्या खंडावरून ठरे. समजा, शेतकरी जमीनदाराला वर्षाला १० रुबल खंड भरायचा. हे सहा टक्के व्याज मानून मुद्दल काढायचं: १६६ रुबल ६७ कोपेक. पूर्ण वाट्याची जमीन घेतली, तर यातले ८० टक्के, म्हणजे १३३ रुबल ३३ कोपेक, सरकार जमीनदाराला रोख्यांत देई, तेही त्याचं जुनं कर्ज वळतं करून. उरलेले २० टक्के शेतकऱ्याने परस्पर द्यायचे. सरकारची रक्कम मात्र वर्षाला ८ रुबलप्रमाणे ४९ वर्षं फेडायची. १३३ रुबलांचे झाले ३९२!

खरी मेख खंडात होती. उत्तरेच्या निकस जमिनीत तो शेतीतून निघतच नसे. माणूस शहरात मजुरी करून तो भरी. त्याच खंडावरून जमिनीचा भाव ठरला, म्हणजे जमिनीच्या नावाखाली माणसाचीच किंमत वसूल झाली. काळ्या मातीच्या पट्ट्यात जमीनच मोलाची, म्हणून तिथे जमीनदारांनी कसत्या शेतांतले तुकडे कापून घेतले. कुरण किंवा पाणवठा त्या तुकड्यात गेला, की गुरांसाठी पुन्हा त्याच जमीनदाराच्या दारी जाणं आलं. कर्ज नको असेल, तर कमाल वाट्याच्या चौथाई जमीन फुकट मिळे. लोक तिला भिकाऱ्याचा वाटा म्हणत.

हप्त्यांना जामीन सगळं गाव, म्हणजे ‘मीर’. एकाची थकबाकी इतरांच्या माथी येई, म्हणून गाव कुणाला सहज जाऊ देईना. परगावी राहायला परवाना लागे.

१८६४ मध्ये शाळा, रस्ते, दवाखाने पाहणारी निवडून आलेली स्थानिक मंडळं, ‘झेम्स्त्वो’, आली. देशाची प्रतिनिधीसभा मात्र नव्हती, त्यामुळे हप्त्यांविरुद्ध दाद मागायला कायदेशीर जागाच नव्हती. १८८१ मध्ये झारचा खून झाला. मुलगा तिसरा अलेक्झांडर याने त्याच वर्षी एकतंत्री सत्ता अढळ असल्याचं जाहीर केलं. हप्ते थोडे कमी झाले, थकबाकी साचतच गेली. १९०५ साली गावोगाव जमीनदारांचे वाडे पेटले, तेव्हा नोव्हेंबरात फर्मान निघालं: १९०६ साठी हप्ता निम्मा, आणि १ जानेवारी १९०७ पासून बंद.