अंतर तेवढंच, मग तास वेगळे का?

मघाशी एकांनी विचारलं की नेटवर दोन एअरपोर्टची नावं टाकली की जे तास येतात ते तिकिटावरच्या तासांशी जुळत का नाहीत. प्रश्न झकास आहे, मी त्यावरच बोलतो.

न्यूयॉर्कचं जेएफके आणि लंडनचं हीथ्रो घ्या. अंतर साधारण 5,540 किलोमीटर. हे काही सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढत नाहीत बरं का, पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरा, तो जिथून जाईल तो सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. म्हणून तर लंडनहून लॉस एंजेलिसला जाताना खाली ग्रीनलँड लागतं आणि लोकांना वाटतं पायलटने उगाच वळसा घातला.

आता विमानाचा स्पीड ताशी 900 धरला तर भागाकार येतो 6 तास 9 मिनिटं. तिकिटावर मात्र लंडनकडे जाताना 7 तासांच्या आसपास आणि परत येताना 8 च्या आसपास. गोम अशी की ते 900 हवेच्या हिशोबाने असतात, जमिनीच्या नाही, आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर हवा स्वतःच पळत असते, पश्चिमेकडून पूर्वेकडे, तोच जेट स्ट्रीम. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यात एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं! जमिनीवरून मोजलं तर स्पीड ताशी 1,300 च्या वर गेला होता, तरी ते सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, नव्हतं, कारण आजूबाजूची हवाच त्याला घेऊन पळत होती.

बरेच जण म्हणतात, जाताना वाचलं ते येताना गेलं, म्हणजे फिटंफाट. नाही होत हो! वारा 150 चा धरा. जाताना 1,050 ने 5 तास 17 मिनिटं, येताना 750 ने 7 तास 23 मिनिटं, एकूण 12 तास 40. वाराच नसता तर दोन्ही मिळून 12 तास 19 मिनिटांत आटपलं असतं. वाऱ्याच्या विरुद्ध आपण जास्त वेळ उडतो ना, म्हणून तोटाच जास्त.

शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. रनवेपर्यंत रांगणं, उतरायच्या आधी वर घिरट्या घालणं, सगळं त्यातच, वर उशीर झालाच तर म्हणून कंपन्या थोडा जादा वेळही त्यात धरून ठेवतात.

आणि कधी तर जवळचा रस्ताच बंद असतो. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं आणि साडेनऊ तासांच्या आसपासचं हेलसिंकी–टोकियो थेट तेराच्या घरात गेलं, काही फ्लाइट तर उत्तर ध्रुवावरून जायला लागल्या. अंतर काढणारी साइट मात्र आजही तोच जुना आकडा दाखवते.