चर्चच्या दुरुस्तीचा निधी: कौलांपासून पावतीपुस्तकापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात चर्चच्या किंवा वाड्यावरच्या कपेलाच्या (छोट्या प्रार्थनामंदिराच्या) छपराचा विषय निघतो तो बहुतेक जूनमध्ये, वेदीजवळ बादली ठेवायची वेळ आली की. भर पावसात वर चढता येत नाही. मग कुणीतरी अंदाजाने 'आठ-दहा लाख लागतील' म्हणतं आणि पुढच्या रविवारी मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, तोच आकडा जाहीर होतो. काम उघडल्यावर खर्च दुप्पट निघतो. लोक दुसऱ्यांदा खिशात हात घालायला नाखूश असतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मागणीच्या आधी मोजणी.

समजा, चर्चचा मुख्य भाग २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे. जमिनीवर २०० चौरस मीटर झाले. छप्पर उतरतं असतं, म्हणून ३० अंशांचा उतार धरला तर २३०, आणि भिंतीबाहेर आलेला भाग धरून २५०. चौरस मीटरला साधारण १५ मंगळुरी कौलं बसतात, म्हणजे ३,७५०. फुटतूट धरून ४,१०० लिहा. जुनी कौलं उतरवताना जी धड निघतील ती वेगळी रचून ठेवा, मागच्या पडवीला चालतात.

कौलांचा हिशेब सोपा. पैसा खातं ते खालचं लाकूड. आपल्याकडच्या चर्चची दर्शनी भिंत छपरापेक्षा उंच असते आणि कौलं तिच्या पाठीला येऊन टेकतात. त्या सांध्यात पाला साचतो, पाणी तुंबतं आणि वाशाचं टोक भिंतीच्या आतल्या आत कुजतं. खालून रंग लावलेला वासा ठणठणीत दिसतो. ऑक्टोबरात पाऊस थांबला की सुताराला शिडी लावून प्रत्येक वाशाच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघायला सांगा. तो दोन बोटं आत गेला तर वासा बदलायचा. असे किती वासे, किती लांबीचे, याची यादी हातात आली की तीन ठिकाणचे दर मागवा आणि एकूण रकमेवर १५ टक्के वाढीव धरा. जुन्या इमारतीत तेवढं लागतंच.

भिंतींबद्दल एक गोष्ट देणगीदारांना मुद्दाम समजावून सांगावी लागते. जांभ्याच्या चिऱ्यांना चुन्याचा गिलावा लागतो. सिमेंट स्वस्त आणि झटपट, पण चिऱ्यात शिरलेली ओल त्यामागे कोंडते, क्षार वर येतात आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात. गिलावाच नसला तर काय होतं, ते जुन्या गोव्यात बॉं जेझू बासिलिकेवर दिसतं. तिचा बाहेरचा गिलावा गेल्या शतकाच्या मध्यावर काढला गेला, तेव्हापासून उघडा जांभा पाऊस झेलतो आहे. चुना सावकाश सुकतो, म्हणून हे काम पाऊस संपल्यावर लगेच धरा. संरक्षित स्मारक असेल किंवा त्याच्या १०० मीटरच्या आत इमारत असेल, तर पुरातत्त्व खात्याचे नियम बघितल्याशिवाय एक चिराही हलवू नका.

आता पैसे. समजा, २० लाख हवेत. 'घरटी पाच हजार द्या' ही मागणी दिसायला समान आहे, पण ज्याला जमत नाही तो लाजतो आणि ज्याला लाख देता आले असते तो पाच हजारांत सुटतो. त्यापेक्षा असं मांडा: तीन लाखांची एक देणगी, दीड लाखाच्या दोन, ७५ हजारांच्या चार, ३० हजारांच्या दहा, दहा हजारांच्या ४०. हे १६ लाख. अडीच हजारांच्या १०० धरल्या की साडेअठरा, उरलेलं दानपेटीतून. मोठ्या देणग्यांसाठी विगार (चर्चचे मुख्य पाद्री) आणि फाब्रिकाचा, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीचा, एक सदस्य यांनी घरी जाऊन बोलावं. तिथून निम्मी रक्कम आली की मग वेदीवरून घोषणा. दोन वर्षांच्या मासिक हप्त्यांची वचनं घेतलीत तर त्यातली काही बुडणार हे धरूनच चाला.

कार्यक्रमांवर फार भिस्त नको, असं आमचं मत. तियात्राचा, म्हणजे कोकणी संगीत नाटकाचा, प्रयोग ठरवला की मंडळीची रक्कम, मंच, दिवे, ध्वनी हे सगळं आधी द्यावं लागतं, मग तिकिटं. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, त्यामुळे सुरुवात वेळेवर. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मनोरंजनाचा कार्यक्रम ठेवू नये. जहाजावर नोकरी करणारे लोक नाताळाला घरी असतात, तोच हंगाम. स्मरणिकेतल्या जाहिरातीचे पैसे छपाईला जाण्याआधी हातात हवेत, नंतर ते वसूल होत नाहीत.

परदेशातल्या देणग्यांत सगळ्यात जास्त चुका होतात. दुबईत नोकरी करणाऱ्या गोवेकराकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी नव्हे. लिस्बन किंवा लंडनमधल्या भावाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर तो परकीय नागरिक. भारतीय वंशाच्या परकीय नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं, गावी येऊन रुपयांत दिलं, तरीही ती परदेशी देणगीच. त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीवर घेऊन इकडे वळवायची वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. म्हणून वचनपत्रावर नागरिकत्वाचा रकाना छापाच. करसवलतीचं आश्वासनही सांभाळून द्या. एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला देणगीदाराच्या आयकर सवलतीची मान्यता (८०-जी) सहसा मिळत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक वास्तूच्या दुरुस्तीची गोष्ट वेगळी.

निधीचं खातं चर्चच्या नावाचं आणि स्वतंत्र. क्यूआर कोडचा स्टिकर कुणी बदलून लावला नाही ना, हे दर रविवारी एक रुपया पाठवून तपासा. पेटी दोघांनी मोजायची, एकाच घरातले नकोत. दोघांच्या सह्या आणि सोमवारी बँकेत भरणा. एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, कायद्यात ते बसत नाही. देवळांच्या समित्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं.

छपराबरोबर इतर सोयी जोडायच्या असतील तर त्यांचे आकडे वेगळे मांडा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर प्रमाण एकास बारा: १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांना ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी लागते. अंगणात तेवढी जागा आहे का, ते आधी टेप लावून बघा. घुमणाऱ्या उंच चर्चमध्ये दोन मोठे ध्वनिक्षेपक लावले की मागच्या बाकांवर प्रवचन कळत नाही. खांबाखांबावर उभे, अरुंद, कमी आवाजाचे लावा.

हे वेगळं मांडायचं कारण चर्चच्या कायद्यातच आहे. कॅनन १२६७ म्हणतं, ज्या हेतूसाठी दान दिलं त्याच हेतूसाठी ते वापरता येतं. छपरासाठी आलेले पैसे उरले तर ते ध्वनियंत्रणेकडे आपोआप वळत नाहीत. म्हणून पहिल्याच पत्रकात एक ओळ छापून घ्या: 'काम पूर्ण झाल्यावर रक्कम शिल्लक राहिल्यास ती चर्चच्या देखभालीसाठी वापरली जाईल.'

नमस्कार.