तिरक्या नळीची सायकल

(दृश्य: दाभोळ जेटी, सकाळ)

धोपाव्याहून सुटलेली फेरीबोट दाभोळला लागतेय. मोटरसायकलींच्या गर्दीत एक शर्यतीची सायकल उभी आहे. तिची आडवी नळी नावालाच आडवी, हँडलकडून सीटकडे उतरत आलेली. वर सीट पोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, वीतभर उघडी. ही ठेवण जगभर रुळवली ती तैवानच्या जायंट या सायकल कंपनीने.

जायंटचे संस्थापक किंग लिऊ आधी वाम पाळायचे. वादळात तळी गेली, धंदा बसला. 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीच्या पोफळी आडव्या झालेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको. 1972 मध्ये लिऊंनी मित्रांबरोबर तैवानमधल्या दाजियात सायकलचा कारखाना काढला. तिथे घोळ मापांचा. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसेना. पुरवठादारांच्या मागे लागून सगळ्यांना जपानी मापांवर आणलं, तेव्हा कुठे माल बाहेर विकण्याजोगा झाला.

मग अमेरिकेच्या श्विन या सायकल कंपनीचं काम मिळालं. 1980 मध्ये श्विनच्या शिकागोतल्या कारखान्यात संप झाला आणि तिथलं बरंच काम तैवानला आलं. पुढे श्विनने चीनमधल्या कारखान्याशी सूत जुळवलं. जायंट तरली, कारण 1981 पासून ती स्वतःच्या नावानेही सायकली विकत होती.

(दृश्य: फ्रेम, जवळून)

शर्यतीच्या सायकलीत ही तिरकी नळी आणली इंग्रज अभियंता माइक बरोज यांनी, जायंटसाठी, 1990 च्या दशकात. मागचा त्रिकोण लहान झाला, फ्रेम हलकी आणि ताठ झाली. तोवर शर्यतीची फ्रेम एकेक-दोनदोन सेंटिमीटरच्या फरकाने कितीतरी मापांत बनायची. इथे सुरुवातीला तीनच मापं: लहान, मध्यम, मोठं. उरलेला फरक सीट पोस्ट आणि स्टेमने (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) भरून काढायचा. वजनापेक्षा खरी हुशारी ही, कारण गोदामात माल कमी पडून राहतो. 1998 मध्ये स्पेनचा ओन्से संघ याच सायकलींवर शर्यतीत उतरला.

कोकणात मात्र दुखणं निघतं ते याच सीट पोस्टपाशी. फ्रेम ॲल्युमिनियमची, पोस्ट कार्बन फायबरची, मधे खारं पाणी: झाली बॅटरी तयार. कार्बन शाबूत राहतो, ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी फुगून पोस्ट अशी धरते की पिळून काढताना कार्बनच फुटतो.

म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पोस्ट बाहेर काढा. आधी उंचीवर चिकटपट्टीची खूण करा. सायकल उलटी धरून नळीतलं पाणी निथळू द्या, मग गोड्या पाण्याच्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा. पूर्ण सुकल्यावर कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा खरखरीत लेप) लावा. ग्रीस नको. ग्रीसवर पोस्ट घसरते, माणूस क्लॅम्प (पोस्ट धरणारी कडी) आवळत सुटतो आणि तडा जातो. क्लॅम्पवर छापलेला आकडा, बहुधा 5 न्यूटन मीटर, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) पाळा. पोस्टवरची किमान खोलीची रेघ बाहेर दिसत असेल, तर लांब पोस्ट घ्या.