समरीची नोटीस आली तर

मंडळी, पोलिसांनी फाईल बंद केली की आपण कपाळाला हात लावून घरी बसतो. पण गुन्ह्याचा तपास संपवायचा शेवटचा अधिकार पोलिसांचा नाही. ते न्यायालयाला तपास बंद करण्याचा अहवाल पाठवतात. तो मंजूर करायचा की नाही, हे न्यायदंडाधिकारी ठरवतात. मधल्या काळात फिर्यादीला बोलता येतं, आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी कष्टकरी माणसं ही संधी केवळ माहिती नसल्यामुळे गमावतात. याचं मला फार वाईट वाटतं.

या अहवालाला महाराष्ट्रात समरी म्हणतात. गुन्हा घडला, पण आरोपी किंवा पुरावा हाती लागला नाही, तर अ समरी. फिर्याद खोटी आणि आकसाने दिलेली असेल तर ब. गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी वादाची असेल तर क. ब समरी हलक्यात घेऊ नका. ती मंजूर झाली तर खोटी फिर्याद दिल्याबद्दल उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो क समरीत. समजा, अक्कलकोट रोडच्या एका कारखानदाराने परगावच्या व्यापाऱ्याला टॉवेलचा माल उधारीवर दिला आणि पैसे बुडाले. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, तर काही महिन्यांनी शेरा येतो, ‘व्यवहार दिवाणी स्वरूपाचा’. नुसती उधारी थकली असेल तर हा शेरा बरोबरच आहे. पण व्यापाऱ्याने दिलेल्या पत्त्यावर दुकानच नव्हतं, चेक आधीच बंद केलेल्या खात्याचा होता, तर माल घेतानाच त्याच्या मनात पाप होतं. मग ती फसवणूक. हे कागद तपासात आले नसतील तर ते न्यायालयापुढे तुम्हीच ठेवायचे.

कधी ठेवायचे? नोटीस आल्यावर. भगवंत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितलं, की समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. ही नोटीस पोलीस ठाण्यातला हवालदार घेऊन येतो. आपण सही करतो आणि कागद देवाच्या फोटोमागे ठेवून देतो. नाहीतर ती भाड्याच्या जुन्या खोलीवर जाते, आणि आपण कधीच कुंभारीच्या घरकुलात राहायला गेलेलो असतो! पत्ता बदलला की तपासी अंमलदाराला लेखी कळवा आणि पोच घ्या. नोटिशीवरच्या तारखेला हजर राहा, समरीची आणि जबाबांची नक्कल मागा, लेखी हरकत द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हरकत पटली तर न्यायदंडाधिकारी अधिक तपासाचा आदेश देतात, किंवा समरी नाकारून स्वतःच गुन्ह्याची दखल घेतात, म्हणजे प्रकरण खटल्यासाठी हाती घेतात. मात्र अमुक माणसावर दोषारोपपत्र ठेवाच, असा हुकूम ते पोलिसांना देऊ शकत नाहीत. आणि आधीचा तपास पुसून नव्याने तपास हवा असेल, तर उच्च न्यायालयात जावं लागतं.

समरी मंजूर झाली असेल तरी नवा पुरावा मिळाल्यावर पोलीस पुढे तपास करू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 173(8) होतं, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 193(9) आहे. त्यासाठी मंजुरीचा आदेश आधी रद्द करून घ्यावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं.

आता मुदतीचं. बाजार समितीत कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याची मोटारसायकल गेली, अ समरी झाली, आणि चार वर्षांनी ती सीमेपलीकडे विजयपूरला सापडली. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणून न्यायालयाने दखल घ्यायची मुदतही तीन वर्षं. मग प्रकरण मुदतबाह्य झालं का? नाही. चोर कोण हे माहीत नसेल, तर ते फिर्यादीला किंवा तपास करणाऱ्या पोलिसांना ज्या दिवशी पहिल्यांदा कळतं, त्या दिवसापासून मुदत मोजतात. तेव्हा गाडी सापडल्याचं कळलं की जुना गुन्हा रजिस्टर नंबर घेऊन त्याच ठाण्यात जा आणि अधिक तपासासाठी लेखी अर्ज द्या.