कॉम्प्युटर हुकलं म्हणून ही ब्रँच घेऊ नका

मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इकडे खुर्च्या रिकाम्या आहेत. सीईटीचा निकाल लागलाय, ऑप्शन फॉर्म भरायचाय, त्यामुळे आज मुलांपेक्षा आईबाबाच जास्त दिसतायत. विषय तुम्हाला माहितीये, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर एकत्र असलेली डिग्री घ्यावी का. मुंबई विद्यापीठात तिला इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स म्हणतात, पुण्याकडे इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, मामला साधारण एकच.

कशी निवडायची ते सांगतोच, पण आधी मनातलं एक बोलू द्या. दरवर्षी कोणीतरी पालक मला म्हणतात, सर, कॉम्प्युटर दोन पर्सेंटाइलनं हुकलं, पण हिच्यात कॉम्प्युटर शब्द आहे ना, मग टाकतो तिसऱ्या नंबरवर. आणि मुलगा शेजारी गप्प उभा असतो. मला त्या मुलाचं वाईट वाटतं, कारण चार वर्षं तो स्वतःच्या ब्रँचकडे हुकलेली गोष्ट म्हणूनच बघणार. खरंतर ही ब्रँच ज्याला मनापासून हवीये त्याच्यासाठी यासारखी दुसरी नाही.

का ते एका प्रोजेक्टवरून सांगतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी हॉलमध्ये आलेली माणसं मोजायचं यंत्र केलं होतं, दाराशी एक बटण, आत ८०५१ नावाचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा कॉम्प्युटर, वर डिस्प्ले. बटण एकदा दाबलं की आकडा एकानं वाढायला हवा, तो कधी तीननं वाढायचा कधी पाचनं. ग्रुपमध्ये एक पोरगी कोडिंगमध्ये तरबेज, तिनं सगळा कोड पुन्हा लिहिला, तरी तेच. दुसरा पोरगा सोल्डरिंगवाला, त्यानं वायरी बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला, तरी तेच. मग दोघांचं भांडण, तुझा कोड चुकलाय, नाही तुझं सर्किट लूज आहे, आणि आठवडाभर अबोला! (हसू नका, तुमच्याही घरी हे होणार आहे.)

आता बघा काय होत होतं. बटण दाबलं की आतले धातूचे पत्रे एकदाच चिकटून शांत बसत नाहीत, ते काही मिलिसेकंद थडथडतात, जोडलं-तुटलं-जोडलं-तुटलं. आपल्या बोटाला ते कळत नाही. पण ठोके देणारा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलेला ८०५१ एक साधी सूचना एका मायक्रोसेकंदात उरकतो, म्हणजे पत्रे शांत होईपर्यंत त्याच्या हजारो सूचना होऊन जातात आणि प्रत्येक थडथड त्याला नवीन माणूस वाटते. बिचारा प्रोसेसर अगदी प्रामाणिकपणे मोजत होता. उपाय दोन, बटणाला रेझिस्टर-कपॅसिटर लावा, नाहीतर कोडमध्ये वीसेक मिलिसेकंद थांबून पुन्हा तपासा की बटण अजून दाबलेलंच आहे का. मी त्यांना ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, तो सिग्नल दाखवला, ते वरखाली झालेले दात बघून ती पोरगी म्हणाली, सर, हे कोडमध्ये दिसणारच नव्हतं. हो, आणि वायरी बदलूनही जाणार नव्हतं. ते दोघांच्या मधे होतं. ही डिग्री त्या मधल्या जागेची आहे, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आणि ही जागा काही काल कॉलेजवाल्यांनी सीटा भरायला काढलेली नाही. १९३७ साली क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकेतल्या एमआयटीतल्या पोरानं मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं की जॉर्ज बूलचं खरं-खोट्याचं बीजगणित रिलेच्या, म्हणजे विजेनं उघडझाप होणाऱ्या स्विचच्या, सर्किटला जसंच्या तसं लागू होतं, आपण सेकंड इयरला जे लॉजिक गेट्स शिकतो त्याचं मूळ तिथं आहे. त्याच एमआयटीनं १९७५ मध्ये इलेक्ट्रिकल विभागाचं नावच इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग अँड कॉम्प्युटर सायन्स करून टाकलं. लांब कशाला जायचं, आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर केला तो कशावर, ट्रान्सप्युटरवर, म्हणजे शेजारच्या चिपशी थेट बोलायच्या लिंक्स आतच असलेला प्रोसेसर. एका चिपचं काम कुठं संपतं आणि दुसरीचं कुठं सुरू होतं हे माहीत असल्याशिवाय त्याच्यावर प्रोग्रॅम लिहिणार कसा? पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सलाही वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉनिक्स होतं, पोरं कुरकुरायची की आम्हाला कशाला हे, मला मात्र तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आता तक्रार. एका कॉलेजात मी परीक्षक म्हणून गेलो होतो, नाव सांगत नाही, मायक्रोकंट्रोलरचे किट कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे, आणि पोरं सगळी प्रॅक्टिकल्स सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या नकली सर्किटवर, करतायत. सिम्युलेटरमधलं बटण आपोआप थडथडत नाही हो! मग त्या पोरांना ही ब्रँच शिकवली असं कसं म्हणायचं? फी तर पुरी घेता. मला याचा राग येतो आणि तो यावाच असं मला वाटतं, कारण...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मुद्द्याचं भराभर सांगतो, लिहून घ्या.

ब्रोशर बाजूला ठेवा, विद्यापीठाच्या साइटवरून सिलॅबस काढा आणि तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरची पानं बघा. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, मायक्रोकंट्रोलर, ऑपरेटिंग सिस्टिम हे पाचही हवेत, आणि व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल, म्हणजे चिपचं सर्किट लिहायची भाषा, कुठंतरी हवं. यातलं ऑर्गनायझेशन किंवा ओएस नुसतं ऐच्छिक असेल तर सावध व्हा.

काहीतरी सोडावं लागणारच, चार वर्षांत सगळं बसत नाही. बहुधा कॉम्प्युटरकडून कंपायलर आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन पातळ होतं, इलेक्ट्रॉनिक्सकडून अँटेना आणि कम्युनिकेशन. म्हणून ज्याला फक्त सॉफ्टवेअर, अल्गोरिदम, एआय हेच करायचंय त्यानं सरळ कॉम्प्युटर घ्यावं, थोडं खालच्या कॉलेजात मिळालं तरी. ज्याला वायरलेस, रडार यात रस आहे त्यानं ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. ज्याला घरातला जुना राउटर उघडून आत काय चाललंय ते बघावंसं वाटतं, त्यानं ही.

नोकरीचं म्हणाल तर एम्बेडेड, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेले छोटे कॉम्प्युटर, गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स, चिपचं डिझाइन आणि व्हेरिफिकेशन. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली, मद्रास आयआयटीचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या सगळ्यांना खुल्या असलेल्या सूचनासंचावर झालेत, म्हणजे काम इथंच आहे. फक्त सरकारी भरतीत डिग्रीवरचं ब्रँचचं नाव बघतात, त्यामुळे इस्रो किंवा पीएसयू, म्हणजे सरकारी कंपनी, डोक्यात असेल तर जुन्या जाहिराती काढून तुमचं नाव कुठल्या यादीत बसतं ते आत्ताच तपासा. एमटेकसाठीच्या गेट परीक्षेला इलेक्ट्रॉनिक्सचा ईसी आणि कॉम्प्युटरचा सीएस असे वेगवेगळे पेपर आहेत, कुठला द्यायचा ते तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ठरवा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंट ऑफिसच्या आधी लॅबमध्ये जा आणि तिथल्याच एखाद्या मुलाला विचारा, शेवटचं ऑसिलोस्कोपला हात कधी लावलास? आणि ऑप्शन फॉर्ममध्ये पहिला पर्याय फार जपून टाका, तो मिळाला की सीट ऑटो फ्रीझ होते, म्हणजे आपोआप पक्की, मग मन बदलून उपयोग नाही.

झालं, माइक देतो. ज्यांचा फॉर्म अजून भरायचाय त्यांनी जाऊ नका, सिलॅबसची पीडीएफ मोबाइलवर उघडून ठेवा, खाली व्हरांड्यात एकेकाचा बघू.