सड्याच्या पोटात

खंबाटकी घ्या, पसरणी घ्या, नाहीतर साताऱ्याहून कासला चढणारा यवतेश्वरचा घाट घ्या. गाडीतल्या सगळ्यांच्या माना दरीकडे वळलेल्या असतात. आपण आज कॅमेऱ्यातून दुसऱ्या बाजूला, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे बघू. खाली काळा, घट्ट कातळ. त्याच्यावर भोकाभोकांचा ठिसूळ पट्टा. कुठे कुठे त्याच्यावर लाल मातीचा थर, विटेसारखा भाजलेला. आणि वर पुन्हा काळा कातळ.

यातला एकेक काळा पट्टा म्हणजे लाव्हाची एकेक लाट. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. थर वरून थंड होताना आतली वाफ बाहेर पडायला धडपडली, तिचीच ही भोकं. पुढे त्यांत पांढरे स्फटिक भरले. आपण लहानपणी खिशात भरून आणायचो त्या गारगोट्यांपैकी कितीतरी यातूनच निघालेल्या. दोन लाटांमध्ये कधी एवढा काळ गेला, की कातळावर माती तयार झाली. पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली, तो हा लाल थर. हे पायरीपायरीचे डोंगर बघूनच भूशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटलं. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ जिना.

हा जिना खाली किती खोल जातो? कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला गोठणे गावाजवळ भोक पाडलं, तेव्हा जवळपास सव्वा किलोमीटर काळा कातळच लागत गेला. मग ग्रॅनाइट आला.

आता ड्रोन वर घेऊ. समोर सह्याद्री. हिमालय उभा राहिला तो दोन भूखंड एकमेकांवर आदळून, थरांना घड्या पडून. इथे घडी शोधून सापडत नाही. थर जवळजवळ आडवेच आहेत, रचून ठेवलेल्या भाकऱ्यांसारखे. कोकणातून भिंतीसारखा दिसणारा हा सह्याद्री म्हणजे खरं तर एका अफाट पठाराची तुटलेली कड. पश्चिमेचा भूभाग फाटून दूर गेला, समुद्र आत आला, आणि तेव्हापासून पाऊस आणि नद्या ही कड कुरतडत पूर्वेकडे सरकवतायत. मधल्या दऱ्या कोरल्या गेल्या. जे कोरायचं राहिलं, त्याला आपण डोंगर म्हणतो.

राहिलं ते का राहिलं, हे बघायला खाली बसावं लागतं. कासचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघड्या कातळाचं पठार. हातातला हा तुकडा जांभ्याचा. मधाच्या पोळ्यासारखा पोकळ, बोटाला तांबडी पूड लागते. हाही मुळात तोच काळा कातळ. महाबळेश्वरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. असा पाऊस लाखो वर्षं मुरत राहिला, की कातळातले चुना, पोटॅश, सिलिका धुऊन जातात. मागे राहतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. ओला असतो तोवर जांभा तासता येतो. उघडा पडून वाळला, की टणक होतो. पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वरचा माथा, कास, या सगळ्यांच्या डोक्यावर हेच झाकण आहे. एका जुन्या सपाटीचे हे तुकडे, असं मानलं जातं.

झाकणावर माती बोटभर, आणि तीही नि:सत्त्व. म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू या इथल्या वनस्पती बारीक किडे पकडून पोट भरतात. डबक्यातला हा वायतुरा. शास्त्रीय नावातच त्याच्या सातारा आहे. २०१२ साली कास जागतिक वारशात गेलं ते अशा रहिवाशांमुळे. फुलांचे फोटो सगळ्यांकडे आहेत, म्हणून आम्ही कॅमेरा मुद्दाम दगडावर ठेवलाय.

इथे जेसीबीने सपाटी केलेली दिसतेय. जांभा एकदा खरवडला, की माणसाच्या हिशोबात तो पुन्हा होत नाही. आणि झिजलेल्या कातळाची माती उतारावर पाण्याने फुगली, की काय होतं ते जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याने पाहिलं.

शेवटचं ठिकाण, जुनं महाबळेश्वर. पंचगंगेचं देऊळ. माथ्यावर पडलेलं पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतं, खालच्या चिकण मातीवर आणि काळ्या कातळावर अडतं, आणि आडवं वाट काढत झरा होऊन बाहेर येतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. सावित्री कडा उतरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पाठ फिरवते, वाई, कऱ्हाड, सांगली करत थेट बंगालच्या उपसागराला.

इथलं हे चित्रण मार्चअखेरचं आहे. माथ्यावर पाऊस पडून पाच महिने होत आले. गोमुखाची धार बघा.